मेळाव्याआधी हजेरी घ्या

आमच्या बी.ए.च्या वर्गाला यंदा पंचवीस वर्षं होतात. १९९८ च्या जूनमध्ये कर्जतच्या कॉलेजात आम्ही पहिल्या वर्षाला बसलो आणि २००१ साली बाहेर पडलो. त्यामुळे गेले दोन-तीन महिने व्हॉट्सॲप ग्रुपवर स्नेहमेळाव्याची धामधूम चालू आहे. फार्महाउस बघून झालं. माणशी १५०० रुपये ठरले. टी-शर्टच्या रंगावर दोन दिवस चर्चा झाली आणि शेवटी निळा ठरला. तारीख पडली रविवार, १ मार्च २०२६.

मी ग्रुपवर लिहिलं, "तेव्हा रमजान चालू असेल." एका मैत्रिणीचं लगेच उत्तर आलं, "अगं मग तू नुसती ये, जेवू नकोस. तुझे पैसे कमी करू." ती प्रेमानेच म्हणाली. मलाही हसू आलं. रमजानचा महिनाभर मी रोजा ठेवूनच शाळेत शिकवते, त्यामुळे एका दुपारचं मला विशेष काही नव्हतं. तारखेवरून भांडायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण त्या निमित्ताने कोण कोण येणार आहे ती यादी नीट वाचली आणि भलत्याच ठिकाणी अडकले.

यादीत ४१ नावं होती. वर्गात आम्ही ६३ होतो.

हा ६३ चा आकडा माझ्या डोक्यातला नाही. आमच्या वर्गप्रतिनिधीने पहिल्या वर्षाच्या गॅदरिंगच्या वर्गणीची वही अजून जपून ठेवली आहे. डावीकडे हजेरी नंबर, मग नाव, मग वीस रुपये, आणि ज्याने दिले त्याच्यापुढे बरोबरची खूण. तिने त्या पानांचे फोटो मला पाठवले. मी पेशाने शिक्षिका. रोज सकाळी हजेरी घेणं हे माझं पहिलं काम. त्यामुळे हातात पेन्सिल घेऊन बसले आणि एकेका नंबरावर खूण करत गेले. २२ नंबर मोकळे राहिले.

आता हे २२ कोण, ते सांगण्याआधी आमचा वर्ग कसा होता ते सांगते. अर्धी मुलं कर्जत तालुक्यातली, नेरळ-भिवपुरीकडून लोकलने येणारी किंवा आतल्या गावांतून सायकलने, एसटीने येणारी. उरलेले आम्ही खालापूर तालुक्याचे. खोपोली लोकल हेच आमचं दुसरं कॉलेज. लौजी, डोळवली, केळवली, पळसदरी, कर्जत. एक गाडी चुकली की पुढचीची वाट बघण्यात पहिले दोन तास बुडालेच म्हणून समजा. कातकरी-ठाकर वाड्यांवरची चार-पाच मुलं होती. आम्ही मुसलमान मुली तिघी आणि मुलगे दोघे. कोणाचे वडील खोपोलीच्या कारखान्यात, कोणाचे रेल्वेत गँगमन, कोणाची दोन एकर भातशेती. श्रीमंत असं कोणी नव्हतं. डब्यातली भाकरी सगळ्यांची सारखीच दिसायची, निदान मला तेव्हा तसं वाटायचं.

ग्रुपवर जे ४१ आहेत त्यांत शिक्षक आहेत, बँकवाले आहेत, रेल्वेवाले आहेत, एक-दोन तलाठी, चार-पाच जण जमिनींच्या व्यवहारात, दोघे परदेशात. आमच्यातल्या ज्यांनी पुढे बी.एड. केलं ते शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षं मानधनावर राबून कायम झाले. मीही त्यातलीच. आणि जे २२ नाहीत त्यांत पहिल्या-दुसऱ्या वर्षात कॉलेज सोडलेले आहेत, लग्न होऊन गेलेल्या मुली आहेत आणि वाड्यांवरची ती सगळी मुलं आहेत. एकूण एक.

यात कोणी कोणाला मुद्दाम वगळलं नाही. ग्रुप झाला तो असा झाला की एकाने त्याच्या फोनमधले सहा नंबर टाकले, त्या सहांनी त्यांच्या फोनमधले. ज्याचा ज्याच्याशी पंचवीस वर्षांत कामाचा, व्यवहाराचा, घरोब्याचा संबंध आला तो आत आला. म्हणजे आमची यादी १९९८ च्या वर्गाची नव्हतीच. आज आमचं कोणाशी जमतं, त्याची ती यादी होती. ती बघून आम्ही आनंदाने म्हणत होतो, "सगळे सापडले!"

उर्दू माध्यमाच्या शाळेत मी मराठी शिकवते, वरच्या वर्गांना उर्दूही. दोन्ही भाषांत वावरणारे शब्द मुलांना दाखवायला मला आवडतं. 'हजर' आणि 'हजेरी' अरबीतल्या 'हाजिर'वरून आले, 'गैरहजर' तसाच. आणि 'यादी' हा शब्द फारसीतल्या 'याद'वरून. याद म्हणजे आठवण. आपण यादी म्हणतो तेव्हा मुळात आठवणच म्हणत असतो. वाणसामानाची यादी करतानासुद्धा आपण काय विसरू नये तेच लिहीत असतो. मग स्नेहमेळाव्याची यादी तरी आठवणीतून करायची की फोनबुकातून?

मोकळ्या नंबरांपैकी दोघांबद्दल लिहिते. नावं लिहीत नाही, ती त्यांची आहेत. हजेरी नंबर लिहिते.

१२ नंबर. आम्ही तिघी मुसलमान मुलींपैकी ही सगळ्यांत हुशार. दुसऱ्या वर्षाच्या दिवाळीच्या सुट्टीत तिचा निकाह झाला आणि ती परत आलीच नाही. आता ती मुंब्र्याला असते. तिला शोधायला फार कष्ट पडले असंही नाही. एका लग्नात तिची खाला भेटली, तिच्याकडून नंबर मिळाला. आमच्याकडे निकाहनंतर मुलीचं पहिलं नाव बदलायची रीत नाही. पण महाराष्ट्रात राहून मधलं नाव नवऱ्याचं आणि आडनाव सासरचं लावायची सवय आम्हीही उचलली आहे. माझ्या हिंदू मैत्रिणींचं तर कित्येकदा पहिलं नावही बदलतं. त्यामुळे फेसबुकवर वर्गातली मुलं नावाने सापडतात, मुली सापडत नाहीत. त्यांना शोधायला कोणाची तरी खाला, कोणाची तरी मावशी लागते. पुरुषांनी चालवलेल्या ग्रुपकडे ती नसते.

मी तिला मेळाव्याचं सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पण मी कुठे पास झाले? मी माजी विद्यार्थी धरतात का?"

या प्रश्नाला माझ्याकडे लगेच उत्तर नव्हतं. दीड वर्ष ती माझ्या शेजारी बसली. माझ्या मराठीच्या वहीतल्या चुका तिने दुरुस्त केल्या. मी आज मराठी शिकवते, त्यात तिचाही वाटा आहे. आणि ती मला विचारत होती की मला धरतात का.

यायला ती तयार आहे. तिच्या दोनच अटी आहेत. सोबत मी असावी आणि फोटो फेसबुकवर टाकू नयेत. ग्रुपवर हे सांगितलं तर कोणी तरी म्हणेल, "अजून इतकं मागासलेलं?" त्यांना मी एवढंच सांगेन की आधी तिला येऊ द्या, मग तुमचे पुढारलेले विचार तिला समोर बसवून सांगा. पण माझ्या समाजातल्या वाचकांनाही एक सांगायचं आहे. ती हे माझ्याशी आतल्या खोलीत जाऊन, दबक्या आवाजात बोलली. मुलं मोठी झाली, घरात सून यायची वेळ आली, तरी जुन्या वर्गमित्रांना भेटायचं म्हणजे काही तरी चोरून करायचं, असं एका पंचेचाळीस वर्षांच्या बाईला वाटावं, याचा जाब ग्रुपला विचारता येणार नाही. तो आपल्याच भावांना, नवऱ्यांना आणि कधी कधी अम्मींनाही विचारावा लागेल. आपल्या घरातला मुलगा दहावीच्या दोस्तांबरोबर लोणावळ्याला जातो तेव्हा आपण डबा बांधून देतो. मुलीने नाव काढलं की "तिथे कोण कोण असणार?" हा पहिला प्रश्न असतो.

४७ नंबर. हा ठाकरवाडीवरचा मुलगा. इर्शाळगडाच्या बाजूने यायचा. वाडीवरून उतरून रस्त्याला लागायचं आणि एसटी पकडायची. वर्गात मागून दुसऱ्या बाकावर. वर्गणीच्या वहीत त्याच्यापुढे खूण नाही. त्या वर्षी गॅदरिंगला तो आला नाही आणि पुढच्या वर्षी कॉलेजलाच आला नाही.

१९ जुलै २०२३ च्या रात्री आमच्या खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर डोंगर कोसळला. सव्वादोनशेच्या आसपास वस्ती. वर जायला गाडीरस्ता नव्हता. मदतीला गेलेली माणसं पावसात, चिखलात चढून गेली. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा २७ मृतदेह सापडले होते आणि ५७ माणसं बेपत्ता होती. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आमच्या ग्रुपवर हात जोडलेली चित्रं आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' सुरू झाली. मी विचारलं, "आपल्या वर्गातला तो मुलगा त्याच बाजूचा होता ना? त्याची वाडी कोणती?" चार उत्तरं आली. कोणालाच माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. तो वर्षभर माझ्यापासून दोन बाकांवर बसला होता आणि मला त्याच्या वाडीचं नाव माहीत नव्हतं.

त्या दोन-तीन रात्री मला झोप आली नाही. पण खरं ते लिहायला हवं. चौथ्या दिवशी घटक चाचणीचे पेपर आले आणि मी विसरले. ग्रुपही विसरला. मी चौकला जाऊन विचारू शकले असते. गेले नाही.

या वेळी वही समोर आली तेव्हा ४७ वर बोट थांबलं. त्याला कोण ओळखत असेल? आश्रमशाळेत शिकवणारा एक जण आमच्या वर्गात आहे. वाड्यांवरचं घर न् घर त्याला माहीत. त्याला फोन करायला मला चार दिवस लागले. त्याचं कारण सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय हा लेख अर्धवट राहील.

२०२४ च्या निवडणुकीच्या दिवसांत याच मित्राने ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला होता. त्यात काय होतं ते इथे देत नाही, तुमच्या फोनवरही तो येऊन गेला असेल. मी लिहिलं, "हे माझ्याबद्दल आहे का?" तो म्हणाला, "तुझ्याबद्दल नाही गं. तू आपली आहेस." आणखी दोघांनी अंगठे दिले. बाकीचे गप्प. त्या रात्री मी ग्रुप सोडला. आजकाल ग्रुप सोडला की फक्त ॲडमिनला कळतं, इतरांना सूचना जात नाही. ॲडमिनला कळलं असणार. कित्येक महिने कोणी विचारलं नाही. मेळाव्याची गोष्ट निघाली तेव्हा वर्गप्रतिनिधीचा फोन आला आणि तिच्यासाठी मी परत आले.

"तू आपली आहेस" हे वाक्य शिवीपेक्षा जड जातं. त्याचा अर्थ असा होतो की तुझे अब्बा, तुझा भाऊ, तुझ्या वर्गातली मुलं आपली नाहीत, तेवढी तू सूट म्हणून आत. मला सूट नको होती. पण आज मागे बघताना माझंही चुकलं असं वाटतं. मी काही न बोलता निघून गेले. शाळेत मुलं रजेचा अर्ज न देता गैरहजर राहिली तर मी पालकांना बोलावते. मी स्वतः अर्ज न देता गेले. गप्प बसलेल्यांतले कितीजण खरोखर त्या मजकुराशी सहमत होते आणि कितीजण नुसते घाबरलेले होते, हे मी विचारलंच नाही.

तर त्या मित्राला मी फोन केला. त्याने दोन फोन केले आणि संध्याकाळपर्यंत मला ४७ चा नंबर पाठवला. पंचवीस वर्षांत तेवढेच दोन फोन करायचे होते. ज्या माणसाने तो फॉरवर्ड टाकला, त्यालाच वाडीवरच्या पोरांची घरं, आजारपणं, कोण कुठे कामाला गेलंय हे सगळं तोंडपाठ आहे. या दोन गोष्टी एकाच माणसात कशा बसतात, हे कोडं मला सुटलेलं नाही. फोन ठेवण्याआधी मी त्याला म्हटलं, "पुढच्या वेळी काही पाठवण्याआधी ते माझ्या अब्बांना वाचून दाखवता येईल का, एवढं बघ." तो थोडा वेळ थांबला आणि "बरं" म्हणाला. एवढंच झालं. तो बदलला असं मी म्हणत नाही.

४७ जिवंत आहे. त्याची वाडी वेगळी, दुसऱ्या अंगाला. त्याने मला "मॅडम" म्हटलं. मी नाव सांगितलं, लोकलचं सांगितलं, सरांचं सांगितलं, तेव्हा हसला. इर्शाळवाडीचा विषय मीच काढला. "आमचे पावणे होते तिथं," म्हणाला. "सकाळी वर गेलो होतो." मी पुढे काही विचारलं नाही.

मेळाव्याचं सांगितलं. तो कर्जतच्या बाजूला एका फार्महाउसवर कामाला आहे. म्हणाला, "रविवार सोडून कधीपण सांगा. शनिवार-रविवार मुंबईची पार्टी असते. सुट्टी मिळत नाही."

मी रमजानचा मुद्दा काढून मोठं काही तरी बोलले असं मला वाटत होतं. माझा तर एक महिन्याचा प्रश्न. त्याचा वर्षातला प्रत्येक रविवार गेलेला. आम्ही रविवारी फार्महाउसवर मेळावा करणार आणि आमच्याच वर्गातला एक जण त्याच दिवशी दुसऱ्या फार्महाउसवर कोणाच्या तरी मेळाव्याच्या खुर्च्या मांडणार. आमच्या तालुक्यात पंचवीस वर्षांत काय झालं, हे याहून सोपं करून मला सांगता येणार नाही. ज्यांनी जमिनी विकल्या, ज्यांनी त्यांचे व्यवहार केले आणि ज्यांना तिथेच रखवालदारी मिळाली, ते सगळे एका वर्गात होते.

हे फक्त आमच्या वर्गाचं नाही, म्हणून लिहिते आहे. सध्या रायगडात दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या शाळा-कॉलेजच्या तुकडीचा मेळावा असतो. कॉलेजांनाही तो हवा असतो, कारण नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाची दखल घेतली जाते. मग जो देणगी देऊ शकतो, जो व्यासपीठावर शोभतो, त्याला आधी शोधलं जातं. ते चूक नाही. पण ज्याने मध्येच कॉलेज सोडलं तोही कॉलेजला काही सांगू शकतो, कदाचित जास्त महत्त्वाचं. तो का गेला? फीसाठी? एसटीसाठी? लग्नासाठी? आज त्याच बाकावर बसलेली जी मुलगी जायच्या बेतात आहे, तिला थांबवायचं असेल तर ही उत्तरं त्याच्याकडेच आहेत.

म्हणून ग्रुपवर मी चार गोष्टी मांडल्या आहेत. यादी फोनबुकातून नको, वर्गणीच्या वहीतून करायची. पास-नापास, पूर्ण-अपूर्ण बघायचं नाही, जो एक दिवस बसला तो वर्गाचा. मेळावा ईदनंतर, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, कॉलेजच्या आवारात, दुपारी चारला. पुण्या-मुंबईच्यांना एक रजा पडेल, पंचवीस वर्षांत एक. वर्गणी ज्याला जितकी झेपेल तितकी, बंद पाकिटात. आणि ग्रुपवर राजकारणाचे, धर्माचे फॉरवर्ड नकोत. बोलायचंच असेल तर स्वतःच्या शब्दांत, स्वतःच्या नावाने बोलायचं, म्हणजे समोरच्याला उत्तर देता येईल.

तुम्ही म्हणाल, या चारच्या पाच झाल्या. गणित माझं तेव्हाही कच्चंच होतं.

ग्रुपवर अजून चर्चा चालू आहे. फार्महाउसचं आगाऊ भाडं भरलंय, ते परत मिळेल का यावर वाद आहे. एकाने विचारलं, "दोन-चार जणांसाठी सगळ्यांची सोय का बदलायची?" त्याला वर्गप्रतिनिधीने वहीचा फोटो पाठवला आणि लिहिलं, "दोन-चार नाही, बावीस." गेल्या तीन आठवड्यांत त्या २२ पैकी ९ जणांचा पत्ता लागला. त्यातल्या दोघांना जाऊन काही वर्षं झाली, आम्हाला आत्ता कळलं. १३ अजून शोधायचे आहेत.

तुमच्या वर्गाचंही पंचविसावं, तिसावं वर्ष जवळ आलं असेल. टी-शर्टचा रंग ठरवण्याआधी एक करा. तुमच्या वर्गाची अशी एखादी वही कोणाकडे आहे, ते विचारून घ्या. कोणाकडे तरी असतेच.